मोठे साहेब आणि भिंतीतली खाच

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला मी तीन गोष्टी दारातच सांगून टाकते. फ्रिजचं दार अर्धंच उघडतं, जोर लावू नका. फाटकाजवळचा कडुलिंब अगदी वाटेत आहे, गाडी रस्त्यावरच राहू द्या. आणि घरभर भिंतीत जी लांबलचक खाच दिसते ती भेग नाही, तिच्यावर सल्ला देऊ नका. एवढं आधी सांगून ठेवलं की चहा निवांत होतो.

तिन्ही गोष्टींना जबाबदार माणूस एकच. ते आता वाशिमात राहत नाहीत, मुलाकडे नागपूरला असतात. पण आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या या नव्या वस्तीत, अजून कोणी घर बांधायला काढलं, आणि मिस्त्री नकाशा गुंडाळून बाजूला ठेवायला लागला, की कोणीतरी हमखास त्यांची आठवण काढतं. बहुधा कपाळावर हात मारूनच.

सगळे त्यांना ओव्हरसियर म्हणत. बांधकाम खात्यातून निवृत्त होताना त्यांचं पद त्याहून बरंच वर गेलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बुटके, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल, आणि खांद्याला दोरीने अडकवलेली प्लॅस्टिकची जाड नळी. सांडपाण्याला वापरतात तसलीच. तिच्या दोन्ही तोंडांना झाकणं बसवून आत ते नकाशे ठेवत. मोपेडवर ती नळी पाठीशी उभी राही, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटे की साहेब शिकारीला निघाले. रिसोड नाक्यावर एकदा पोलिसाने थांबवून विचारलं होतं, नळीत काय आहे म्हणून.

"मोठे साहेब आहेत," ओव्हरसियर म्हणाले.

नकाशाला ते मोठे साहेब म्हणत. थट्टेने नाही. साइटवर काही अडलं की ते हात धूत, रुमालाने कोरडे करत, नळीचं झाकण काढत आणि म्हणत, "थांबा. मोठे साहेब काय म्हन्तात ते पाहू." मग कागद उलगडेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. कागदावर चहाचा ग्लास ठेवायचा नाही, बोट टेकवायचं नाही, पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाखवायचं. आणि कागद उलटा धरलेला त्यांना अजिबात खपत नसे. आमच्या सलीम मिस्त्रीने पहिल्याच दिवशी तो उलटा धरला, तेव्हा ते असे ओरडले की शेजारच्या प्लॉटवर चरणारी शेळी पळाली. "उत्तर वर! उत्तर दिशा वर पाह्यजे! तुमी काय घराले डोक्यावर उभं करून राह्यले का?"

हे सगळं एवढं विचित्र का वाटायचं, ते कळायला आमच्याकडची बांधायची पद्धत माहीत असायला हवी. आमच्याकडे नकाशा लागतो तो नगर परिषदेत आणि बँकेत. तिथला शिक्का बसला की त्याची नोकरी संपली. मग मिस्त्री येतो, प्लॉटवर उभा राहून चपलेने काळी माती उकरतो आणि विचारतो, "किचन कोनीकडे पाह्यजे, ताई?" तुम्ही सांगता. मग मोठे दीर येऊन जिना फिरवतात. आत्याबाई येऊन देवघर हलवतात. समोरचे काका स्वतःच्या घराची कमान दाखवायला घेऊन जातात, आणि मान राखायचा म्हणून तुम्हीही एक कमान घेता. असं सर्वांच्या संमतीने जे उभं राहतं, त्याला घर म्हणायचं. तोवर नकाशा सिमेंटच्या पोत्यावर अंथरून त्यावर मजुरांचे डबे खाऊन झालेले असतात.

मी स्वतः या पद्धतीच्या विरुद्ध नव्हते. मी शाळेत पर्यवेक्षिका आहे. वेळापत्रक लावणं, परीक्षेला बाकं मोजून घेणं, कोणाचा तास कोणी घ्यायचा हे ठरवणं यात माझा जन्म गेला. त्यामुळे एखादी गोष्ट कागदावर एक आणि वर्गात दुसरी होते, हे मला नवीन नाही. पण या घराचं प्रकरण वेगळं होतं. ते मामाजींसाठी बांधायचं होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. रिठदला त्यांची पिठाची गिरणी होती. आयुष्यभर त्यांनी जात्यातून पडणारं पीठ चिमटीत धरून ते जाड की बारीक हे ठरवलं, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. आता डोळ्यांचाच प्रश्न आला होता. काचबिंदू होता, आणि तो उशिरा कळला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी कडेचं जाईल, मग हळूहळू मधलं. मामाजींनी ते ऐकून घेतलं आणि परत येताना एसटीत मला एवढंच म्हणाले, "एक सांगून ठेवतो. मले हाताले धरून फिरवायचं नाही. तवा मी मेलो समजजा."

माझी भाची मीनल पुण्यात आर्किटेक्ट आहे. तिला बोलावलं. ती रिठदला गेली आणि अर्धा दिवस गिरणीतच बसून राहिली. आम्हाला वाटलं, पोरगी शहरातली, तिला गिरणीची गंमत वाटत असेल. ती मामाजींची बोटं पाहत होती.

नकाशा आला त्यात उंबरे नव्हते, पायऱ्या नव्हत्या, आणि भिंतीत खाच होती. मुख्य दारातून शिरलं की उजव्या हाताला सुरू होणारी, दोन बोटं मावतील एवढी, हात सहज टेकेल त्या उंचीवर. ती बैठकीतून मामाजींच्या खोलीत, तिथून मोरीकडे, तिथून स्वयंपाकघरात आणि शेवटी व्हरांड्यात जाते. कोपऱ्यात ती वळते, तुटत नाही. दार येण्याआधी वीतभर ती खोल होते, म्हणजे बोटांना कळतं की पुढे दार आहे. मोरीच्या दाराआधी खोल होता होता वरही चढते. दाराच्या चौकटी भिंतीच्या बाहेर रेघभरही येत नाहीत, नाहीतर बोटं अडखळतील. स्विचचे बोर्ड सगळे खाचेच्या वर, तेही याच कारणासाठी. मीनलने मला फोनवर सगळं समजावलं. "दांडा लावला तर दवाखाना वाटेल, मावशी. आजोबांना लाज वाटेल. खाच म्हणजे नुसती भिंतच."

मला ते पटलं. मग मी माझी यादी काढली. गवंडी प्लास्टर करणार, सुतार चौकट बसवणार, वायरमन भिंत फोडणार, टाइलवाला पट्टी लावणार, पेंटर लांबी म्हणजे पुट्टी भरणार. एवढ्या हातांतून दोन बोटांची एक रेघ घरभर अखंड न्यायची होती, आणि मी दिवसभर शाळेत. नवरा नोकरीला चंद्रपुरात. म्हणून ओव्हरसियरना विचारलं. लोकांनी आधीच सावध केलं होतं, "मॅडम, तो मानूस डोकं फिरवते."

तेवढं त्यांनी फिरवलंच. पहिल्याच भेटीत मी त्यांना खाचेचं कारण सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"कारन नोका सांगू, मॅडम."

"अहो, पण कारण कळलं तर..."

"कारन कळलं का मानूस डोकं चालवते. डोकं चालवलं का बदल करते. मले फक्त नकाशा द्या."

पुढे मला कळलं की त्यांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही काम नकाशाप्रमाणे झालं नव्हतं. दर वेळी कोणाकडे तरी कारण होतं. आणि कारणं सगळी चांगली होती, हे ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी कारणांशी संबंधच तोडला.

छज्ज्याच्या खालच्या कडेला मीनलने एक बारीक चर दाखवला होता. सलीम मिस्त्री म्हणाला, "साब, हे कायले? छज्ज्याखाली मान घालून कोन पायते?"

"मोठे साहेब पायतात."

चर निघाला. पावसाळ्यात समोरच्या काकांच्या घराच्या भिंतींवर काळे ओघळ उतरले, आमच्याकडे पाणी चरापाशीच खाली गळलं आणि भिंती कोऱ्या राहिल्या. मी कौतुकाने सांगायला गेले, तर ओव्हरसियरनी तोंड कडू केलं. चर होता म्हणून चर काढला, पाण्याने काय केलं तो पाण्याचा प्रश्न.

हाच न्याय त्यांनी फ्रिजलाही लावला. स्वयंपाकघरात फ्रिजसाठी जी जागा होती, तिच्या बाजूची भिंत नकाशात जरा पुढे आली होती. कोणालाही दिसेल की दार पूर्ण उघडणार नाही. सलीम मिस्त्रीला दिसलं. मला दिसलं. मी म्हटलं, "साहेब, ही भिंत वीतभर मागे घ्या."

"मोठे साहेब मागे नाही म्हनत."

"पण चूक आहे ती!"

"असू शकते," ते अगदी शांतपणे म्हणाले. "आज ही चूक दुरुस्त केली, तं उद्या मिस्त्रीले ती खाच चूक वाटन. मंग त्याले कोन्या तोंडानं थांबवू?"

मी चिडले, मीनलला फोन लावला, तिचा लागला नाही. संध्याकाळी शाळेतून येते तो भिंत उभी. तेव्हापासून कोथिंबीर काढायची तर मला मान वाकडी करावी लागते. पण हेही खरं की त्याच आठवड्यात वायरमनने खाचेच्या बरोबर मधोमध स्विचबोर्डासाठी भोक पाडलं होतं, आणि तो म्हणत होता, "साहेब, सगळ्या वाशिमात बोर्ड याच उंचीवर असते." त्याला ओव्हरसियरनी भोक बुजवायला लावलं आणि बोर्ड वर नेला. थांबवायला त्यांच्याकडे तोंड होतं. फ्रिजच्या भिंतीने ते राखून दिलं होतं.

सलीम मिस्त्रीची मात्र त्यांनी परीक्षाच पाहिली. तो कारंज्याचा, बापापासून या धंद्यातला, आणि डोळ्याच्या अंदाजावर गर्व असलेला. खाचेसाठी प्लास्टर ओलं असताना लाकडी पट्टी दाबून धरायची आणि नेमक्या वेळी काढायची, हे काम त्याला पोरखेळ वाटे. पहिली भिंत त्याने अंदाजाने ओढली. ओव्हरसियर आले, त्यांनी खाचेत एक गोटी ठेवली. गोटी खोलीच्या मध्यापर्यंत घरंगळत गेली आणि थांबली.

"सलीमभाई, इथं पोट आलं."

"अरे साब, गोटी खेलनी है क्या इसमें?"

"मले काय माहीत कोन काय खेलनार? गोटी थांबली का बोटही थांबते."

सलीमने भिंत पुन्हा ओढली. आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "या अल्ला, अगल्या जनमात मले मिस्त्री नको करू, नकाशा कर." आणि मग हट्टाला पेटल्यासारखी त्याने बाकीची खाच अशी काढली की गोटी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत ढकलावी तशी जाई. आता तो गिऱ्हाइकांना आमचं घर दाखवायला आणतो आणि ओव्हरसियरचं नावही घेत नाही. माझी त्याला हरकत नाही.

खरं संकट बाहेरून आलंच नाही. ते मामाजींकडून आलं.

त्यांना कोणी खाचेविषयी सांगितलं नव्हतं, पण ते काही वेडे नव्हते. अधूनमधून रिठदहून एसटीने येत, खुर्ची टाकून साइटवर बसत आणि काम पाहत. पाहत म्हणजे आवाज ऐकत. एके दिवशी त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि खाच लागली. ती धरून ते चार पावलं गेले, थांबले, आणि हात झटकला, जणू काही चिकटलं. त्या दिवशी ते चहा न घेताच एसटीला निघाले.

नंतर ओव्हरसियर भाचीच्या लग्नाला कारंज्याला गेले. मी शाळेत. गजू पेंटर लांबी भरत होता, आणि मामाजी खुर्चीवर. गजूने सहज विचारलं, "बावाजी, ही भेग बुजवू का?"

"बुजव बाप्पा. चांगली बुजव."

मी परतले तेव्हा बैठकीची आणि मामाजींच्या खोलीची खाच पार बुजली होती. वरून हात फिरवला तर काच. गजू खुशीत होता. "ताई, एवढी लंबी भेग आजपर्यंत पाह्यली नाही. पैसे नोका देऊ त्याचे."

मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "मीच सांगतलं. मले आंधयाचं घर नाही पाह्यजे. लोकं येतीन, विचारतीन, ही कायची खाच? तू सांगशीन, बुढा आंधया आहे म्हून."

मला खाच हवी होती. त्यांचाही राग मला कळत होता. आणि घर त्यांच्यासाठी होतं. मी मनातल्या यादीतून खाचेवर काट मारली. व्यवहारी माणूस दुसरं काय करतो? ज्याच्यासाठी करायचं त्यालाच नको, तर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ओव्हरसियर सकाळीच आले, लग्नातल्या अत्तराचा वास अजून हाताला. आत शिरले, नेहमीच्या सवयीने उजव्या भिंतीला बोट लावलं, आणि बोट घसरलं. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. बँकेत गेल्यावर आपलं खातंच नाही असं सांगितल्यासारखं.

मग त्यांनी नळी खाली ठेवली, मजुराच्या डब्यातला चमचा उचलला आणि त्याच्या दांड्याने लांबी खरवडायला सुरुवात केली.

"ओ साहेब," मामाजी खुर्चीवरून म्हणाले, "काय करून राह्यले?"

"काम."

"ते मी बुजवाले लावलं. माह्यं घर आहे."

"घर तुमचं. नकाशा नाही तुमचा." खरवडणं चालूच.

मामाजी उठले. "मी सांगून राह्यलो ना, नाही पाह्यजे! माह्यासाठीच केली ना ते? मले नाही पाह्यजे, झालं! मले तुमी आंधया म्हनून राह्यले का?"

ओव्हरसियर थांबले. चमचा खिशात घातला, हात धुतले, रुमालाने पुसले. "तुमच्यासाठी?" ते म्हणाले. "हे कोनं सांगतलं तुमाले? मले तं कोनी नाही सांगतलं. मोठ्या साहेबाले विचारू." त्यांनी नळी उघडली आणि नकाशा मामाजींच्या हातात दिला. सलीम मिस्त्रीच्या त्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी तो कोणाच्याच हातात दिला नव्हता. "हे पाहा. याच्यात तुमचं नाव कुठं लिवलं असन तं दाखवा. एका बोटानं दाखवा. मी आत्ता चमचा फेकतो."

मामाजींनी कागद उलगडला आणि डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. पुन्हा जवळ नेला. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ते बराच वेळ वाचत राहिले.

कागद उलटा होता.

मला ते दिसलं. सलीम मिस्त्रीला दिसलं, आणि त्याने पटकन पाठ फिरवून थापी धुवायला घेतली. ओव्हरसियर तर समोरच उभे होते. उत्तर दिशा त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीकडे तोंड करून लोंबत होती. मी वाट पाहत होते की आता हा माणूस ओरडणार.

ते पेन्सिलशी चाळा करत उभे राहिले.

"माह्यं नाव तं नाही याच्यात," शेवटी मामाजी म्हणाले.

"नाहीच. भिंतीची खाच आहे, भिंतीत आहे. तुमचा काय संबंध?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तुमी आपले खुर्ची जरा तिकडे घ्या. धूळ उडते."

मामाजींनी नकाशा परत दिला, खुर्ची बाजूला घेतली आणि बसले. थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कोणाच्या घराविषयी बोलावं तसं म्हणाले, "चमच्यानं कायले करता? गिरनीतलं दगड टाकाचं टाकनं आहे माह्याजवळ. उद्या आनतो."

आणि खरंच आणलं. जात्याच्या दगडाला टाके घालायचं ते छिन्नीसारखं टाकणं अजून आमच्या घरात आहे.

वास्तुपूजनाला मीनल पुण्याहून आली. घर पाहून तिचे डोळे भरून आले, म्हणाली, काढलेलं आणि बांधलेलं एवढं सारखं मी अजून पाहिलं नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजपाशी थांबली.

"मावशी, हे काय? अगं, ही माझी चूक आहे! मोजमाप हुकलं होतं."

पुढे फाटकाशी गेली. तिथे अगदी येण्याच्या वाटेत कडुलिंबाचं रोप, भोवती आळं. "आणि हे झाड?"

"नकाशात आहे," मागून ओव्हरसियर म्हणाले. "हिरवा गोल. मी टेप लावून मध्य काढला."

"अहो काका, ते नुसतं चित्र असतं. रिकामं दिसू नये म्हणून टाकतो आम्ही."

"मानसाचंही होतं. काठी घेऊन उभा. तो मी नाही आणला," ओव्हरसियर दुखावून म्हणाले. "तेवढं समजते मले."

मग मीनलला दिसलं की खाच व्हरांड्यात संपत नाही. व्हरांड्याच्या भिंतीवरून ती कंपाउंडच्या भिंतीवर गेली होती आणि आतल्या बाजूने सरळ फाटकापर्यंत, त्या रोपापाशी जाऊन थांबली होती. मीनलने मोबाइलवर ड्रॉइंग उघडलं. दोन बोटांनी ते मोठं केलं.

"ही रेघ कापायची राहिली," ती हळूच म्हणाली. "कॉम्प्युटरवर पुढे गेली होती, मी खोडलीच नाही. काका, तुम्हाला वाटलं नाही का, की कंपाउंडला खाच कशाला? एक फोन करायचा ना मला!"

"फोन केला असता तं तुमी खोडली असती," ओव्हरसियर म्हणाले. "मंग मी काय बांधलं असतं?"

मीनलने मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

त्यांचं स्वतःचं घर मी पाहिलं ते बरंच नंतर, आजारी होते म्हणून भेटायला गेले तेव्हा. जुन्या वस्तीत, बोळाच्या टोकाला. एक खोली पुढे, दोन मागे, त्यातली एक तिरपी. वर जाणारा जिना भिंतीला जाऊन भिडलेला, कारण वरचा मजला पुढे रद्द झाला होता. मोरीचं दार बाहेर उघडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लागे. छज्जा नव्हताच. भिंतीवर इतके ओघळ होते की रंग कोणता ते सांगता येऊ नये.

"साहेब, हे असं?" माझ्याच्याने राहवलं नाही.

"नकाशाच नव्हता ना, मॅडम," ते उशीला टेकून म्हणाले. "मंग आयकावं कोनाचं? सगळ्याईचं आयकलं."

त्यानंतर ते नागपूरला गेले. मुलाचा फ्लॅट आहे तिथे. म्हणतात, बिल्डरने दिलेलं छापील माहितीपत्रक ते नळीत घालून सोसायटीच्या सभेला जातात आणि बाग कुठे आहे ते विचारतात. माहितीपत्रकात बाग आहे.

जाण्याआधी एकदा आमच्याकडे आले होते. तोपर्यंत मामाजींना उजेड-अंधार एवढंच कळत होतं, पण ते कोणी बोलत नसे, कारण बोलायची वेळच येत नसे. सकाळी उठून मामाजी मोरीत जात, स्वयंपाकघरात येऊन चहा घेत, आणि मग व्हरांड्यातून कंपाउंडच्या कडेने फाटकाशी जाऊन कडुलिंबाखाली बसत. झाड आता चांगलं सावली देतं. तिथे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखून थांबवणं, हा त्यांचा दिवसाचा उद्योग. कोणीही त्यांना हाताला धरून तिथे नेलेलं नाही.

त्या दिवशी रिठदचे त्यांचे जुने गिऱ्हाईक असलेले एक गृहस्थ आले होते. ओव्हरसियरही व्हरांड्यात बसले होते, गुडघे दुखत होते म्हणून खुर्चीत. मामाजी आतून आले. उजवा हात भिंतीला, दोन बोटं खाचेत, चाल अशी की घाई असावी. कोपरा आला, वळले. दार आलं, वळले. येऊन खुर्चीवर नेमके बसले.

रिठदचे गृहस्थ थक्क होऊन पाहत होते. मग त्यांना खाच दिसली, आणि मला ज्याची भीती होती ते त्यांनी विचारलंच. मी दारात त्यांना सल्ला देऊ नका एवढंच सांगितलं होतं. विचारू नका हे सांगायचं राहून गेलं होतं.

"काहो बावाजी, हे खाच तुमाले दिसत नाही म्हून केली का?"

मी चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबले. ओव्हरसियर छताकडे पाहू लागले.

"नाही रे बाप्पा," मामाजी म्हणाले, आणि बशीत चहा ओतण्यासाठी हात पुढे केला. "नकाशात होती."